जेवणानंतरची तुकडी

रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक पाच होते, पण विभाग चालवायचे लॅबमामा. असं कोण म्हणायचं? लॅबमामाच. बाकीचे काही बोलत नसत, आणि बोलत नाहीत म्हणजे त्यांना मान्यच आहे, असं मामांनी धरून टाकलं होतं.

कागदोपत्री त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर'. म्हणजे बर्नर पुसायचे, परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा तो वायू तयार करायचं यंत्र सांभाळायचं. एकोणतीस वर्षं हे केल्यावर अंगाला जो वास लागतो तो साबणाला दाद देत नाही. मामांचा खाकी कोट बायको घरच्या कपड्यांबरोबर वाळत घालत नसे. त्याला गॅलरीच्या टोकाला वेगळा खिळा होता. कोटाला ॲसिडने पडलेली बारा भोकं होती आणि प्रत्येक भोकामागे एक गोष्ट होती. ज्यांनी ती बाराच्या बारा ऐकली आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

पण हे सगळं पोटापाण्याचं. मामांची खरी विद्या वेगळीच होती. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून जे परीक्षक येतात, त्यांना जेवू घालायची.

हसण्यावारी नेऊ नका. मामांच्या मते परीक्षक हा एक माणूस नसतो, दोन असतात. जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा. जेवणाआधीचा परीक्षक विचारतो, "असं का होतं?" जेवणानंतरचा विचारतो, "झालं ना?" त्यामुळे हुशार मुलं सकाळच्या तुकडीत टाकायची, त्यांची ती निभावून नेतात. आणि ज्यांना परीक्षानळी कुठल्या टोकाने धरायची इथपासून शंका आहे, ती दुपारी. याला विभागात 'जेवणानंतरची तुकडी' म्हणत. तुकड्यांची यादी मामा करत, विभागप्रमुख बाई तिच्यावर सही करत, आणि मधल्या तासात गेटजवळच्या खानावळीत मामा परीक्षकांना असं जेवू घालत की माणूस खुर्चीवरून उठताना आधी टेबलाला धरे. भात दोनदा, तळलेलं तीनदा, गोड तर "सर, एवढं एकच" असं म्हणत चारदा. एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मुलाला "नाव काय?" एवढा एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही दोनदा. दुसऱ्या एकांनी गैरहजर मुलीला पस्तीस गुण दिले. ही दोन उदाहरणं मामा फार अभिमानाने सांगत.

या विद्येला आणखी एक पुरवणी होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मामा आणि प्रमुखबाई मिळून नंबर घातलेल्या बाटल्यांमध्ये क्षार भरत. मुलांना त्यातला चिमूटभर मिळे आणि तो कशाचा आहे हे त्यांनी चाचण्या करून ओळखायचं, अशी परीक्षा. प्रमुखबाई काटकसरी, त्यामुळे एका तुकडीला एकच बाटली. आणि मामा कनवाळू, त्यामुळे बाटलीत काय आहे हे परीक्षेआधी व्हरांड्यात सगळ्या तुकडीला कळलेलं असे. यात मामांनी कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. त्यांना फक्त एवढंच हवं असे की, पुढे मोठा साहेब झालेला एखादा जुना विद्यार्थी गाडीतून उतरावा आणि चार लोकांसमोर म्हणावा, "मामा, तुमच्यामुळे." असे दोघे-तिघे आले होते. त्यांतला एक औषधाच्या कारखान्यात आहे हे ऐकल्यापासून मी गोळी घेण्याआधी थोडा विचार करतो.

आता या सगळ्या पुण्याईचं फळ मिळायची वेळ आली होती. मामांची एकुलती एक मुलगी त्याच विभागात शेवटच्या वर्षाला होती. मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत तिला पुढे शिकायचं होतं, आणि तिथे प्रात्यक्षिकाचे गुण पाहत. पन्नासपैकी चाळीसच्या खाली एक गुण जरी आला, तर अर्जाकडे ढुंकूनही पाहणार नव्हते. मुलगी पहाटे उठून अभ्यास करायची. काय वाचते, हे मामांनी कधी पाहिलं नाही. दिवा जळतो आहे एवढं पाहत आणि पाय न वाजवता मागे फिरत. बाप म्हणून यापेक्षा जास्त काय करायचं असतं? जास्त करायचं ते त्यांनी यादीत केलं. पोरीचं नाव जेवणानंतरच्या तुकडीत घातलं.

परीक्षेच्या सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "बाबा, मला दुपारी का टाकलंत?"

"तुझ्या भल्यासाठी."

"दुपारच्या यादीत कोण कोण असतं, ते सगळ्या कॉलेजला माहीत आहे. बोर्डासमोर हसत होते सगळे."

"हसू दे. निकाल लागला की बसतील तोंड शिवून." मामांनी बशी खाली ठेवली आणि आवाज खाली आणला, जणू स्वयंपाकघरातल्या कपाटाला कान होते. "सात नंबरची बाटली. जस्त. झिंक सल्फेट. बाकी काही करत बसू नकोस, थेट लिही."

मुलगी कप घेऊन मोरीकडे गेली आणि बराच वेळ तो एकच कप धूत राहिली. मामांना वाटलं, पोर परीक्षेच्या धास्तीने गप्प झाली. माणसाने स्वतःला सोयीचं तेवढंच वाटून घ्यायचं ठरवलं, तर त्याला कोण अडवणार?

घोटाळा इतकाच होता की, यंदाचे परीक्षक नवे होते आणि त्यांनी आधीच प्रमुखबाईंना पत्र पाठवलं होतं. 'दुपारचं जेवण हलकं असावं. आपल्या गेटसमोर भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचं एक साधं हॉटेल असल्याचं कळलं. तिथे जाऊ.'

हे हॉटेल दोन वर्षांपूर्वी निघालं होतं. निळा-पांढरा रंग, भिंतीवर समुद्राचं चित्र, त्यात एक होडी. खरा समुद्र तिथून एवढा दूर की मालकाने तो पाहिला असेल तर चित्रातच. कॉलेजातली पोरं तिथे झुंडीने बसत, एक पिटा ब्रेड घेऊन तीन तास पंखा खात. मामा आजवर त्या दारातून आत गेले नव्हते. चण्याची पेस्ट खायला माणूस पैसे मोजतो, ही गोष्टच त्यांच्या गळी उतरत नव्हती. पण पत्र वाचून ते डगमगले नाहीत. जेवण कुठलं का असेना, वाढणारा हात आपला पाहिजे.

बाराला परीक्षक सकाळची तुकडी उरकून निघाले. सडपातळ गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पाठीवर सॅक. सकाळी ते स्टेशनपासून चालत आले होते, हे मामांना मुळीच रुचलं नव्हतं. चालणारी माणसं जेवत नाहीत. मागून प्रमुखबाई, त्यांच्या मागे मामा, असे तिघे निळ्या हॉटेलात शिरले. आणि तिथे मामांची एकोणतीस वर्षांची विद्या दारातच अडली. तिथे वाढणारा माणूसच नव्हता.

ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. काचेमागे स्टीलच्या डब्यांत सगळं मांडलेलं: भात, हिरवी पानं, भाजलेली वांगी, काकडी, पनीरसारखं काहीतरी, काळे-हिरवे ऑलिव्ह, चार रंगांचे सॉस. प्रत्येकाने आपलं आपण सांगायचं आणि काउंटरमागची टोपीवाली मुलगी तेवढंच घालणार.

"सरांच्या ताटात भात घाला. दाबून," मामा पुढे होऊन हळूच म्हणाले.

"त्यांनी सांगितलं तर घालते," मुलगी म्हणाली. "तुमचा बेस कोणता?"

"माझा काय?"

"खाली काय घालू? भात, पानं, की पिटा?"

मामा काचेमागचे डबे मोजू लागले.

"बरं, वर काय? फलाफल, भाजलेल्या भाज्या, चिकन? सॉस कोणता? तिळाची ताहिनी, लसणाचा, की तिखट? ऑलिव्ह चालतील? लोणचं? लिंबू?"

एकोणतीस वर्षांत शेकडो पोरांना मामांनी तोंडी परीक्षेतून सोडवलं होतं. स्वतः मात्र असे कधी सापडले नव्हते. मागे रांग खोळंबली, दोन पोरी खिदळल्या. मग मामांनी तेच केलं जे त्यांच्या तुकडीतली पोरं करत: शेजारच्या ट्रेमध्ये डोकावून पाहिलं.

"सरांना जे दिलं, तेच."

"त्यांनी नुसती पानं, काकडी आणि चार फलाफल घेतलेत."

काकडी! मामांच्या डोळ्यांसमोर दुपार उभी राहिली. टक्क जागे परीक्षक, त्यांच्यासमोर आपली पोर, आणि "असं का होतं?" आता मागे हटून चालणार नव्हतं. दुसऱ्याच्या ताटात घालता येत नसेल, तर स्वतःच्या ताटात घ्यायचं आणि टेबलावर बसल्यावर आग्रहाने सरकवायचं. त्यांनी सपाटा लावला. भात, आणखी भात, चण्याच्या वड्यांसारखे दहा फलाफल, तळलेले बटाटे, लसणाचा सॉस, द्राक्षांसारखे दिसणारे ऑलिव्ह, चीज भरून तळलेल्या गुंडाळ्या आणि शेवटी पाकात निथळणारे बकलाव्याचे सहा तुकडे. टोपीवालीने विचारलं, "पार्सल का?"

"इथेच," मामा ताठ मानेने म्हणाले.

टेबलावर आग्रहाला सुरुवात झाली. "सर, एवढी एक गुंडाळी." "नको." "सर, भात तरी." "नको." "सर, गोड. औषधापुरतं." परीक्षकांनी काकडी चावत मान हलवली. आग्रह मोडून काढायची एक पद्धत असते, हसून, हात आडवा धरून. तिच्यातून वाट काढता येते. हे गृहस्थ नुसतं "नको" म्हणत आणि मग खरंच घेत नसत. असल्या माणसापुढे काय इलाज?

"मला दुपारी काम असतं," ते म्हणाले. "पूर्वी मीही भरपूर जेवायचो. एकदा जेवणानंतर एक मुलगा तोंडी परीक्षेला बसला होता. मला डुलकी लागली. त्याने काय सांगितलं ते ऐकूच आलं नाही, आणि कबूल करायची लाज वाटली म्हणून मी त्याला नापास केलं. मागाहून कळलं, त्याला सगळं येत होतं. तेव्हापासून काकडी."

झोपेतला परीक्षक नापासही करू शकतो, ही शक्यता त्यांच्या शास्त्रात कुठेच नव्हती. त्यांनी घाईघाईने एक ऑलिव्ह द्राक्ष समजून तोंडात टाकला, दाताखाली बी कडकन लागली आणि खारट रस जिभेवर पसरला. थुंकायची सोय नव्हती, समोर प्रमुखबाई होत्या. गिळला.

"मामा, ताटात टाकू नका हं," प्रमुखबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'हवं तेवढंच घ्या. घ्याल तेवढं संपवा.' परीक्षकांनी पाटी वाचली, मामांचा ट्रे पाहिला, आणि कौतुकाने म्हणाले, "तुम्हाला हे जेवण फार आवडतं वाटतं."

आता काय सांगणार? की हे तुम्हाला झोपवायला घेतलं होतं? मामा जेवले. भात जेवले, आणखी भात जेवले, दहाच्या दहा फलाफल, गुंडाळ्या, बटाटे, आणि शेवटी बकलाव्याचे सहाही तुकडे बोटं चाटून संपवले. चौथ्या तुकड्यानंतर त्यांना खरंच ते आवडू लागलं होतं, हे त्यांनी पुढे फक्त बायकोला सांगितलं. उठताना त्यांनी टेबलाला धरलं.

एक वाजायला वीस मिनिटं असताना तिघे परत आले. परीक्षक दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढले. मामा कठड्याला धरून. व्हरांड्यात दुपारची तुकडी उभी होती, नऊ चेहरे निर्धास्त आणि एक खाली मान घातलेला. मामांनी पोरीकडे पाहून डोळे मिचकावले. ती दुसरीकडे पाहू लागली. मग ते गाळणकागद आणायला म्हणून मागच्या स्टोअररूममध्ये गेले. तिथे अंधार होता, गार होतं, आणि फळ्यांखाली त्यांची जुनी खुर्ची होती. क्षणभर टेकावं म्हणून ते टेकले.

सांगायलाच हवं का?

"मामा! अहो मामा, उठा!" प्रमुखबाई त्यांचा खांदा हलवत होत्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "चार वाजायला आलेत. सर बोलावतायत. आत्ता!"

मामा धडपडत प्रयोगशाळेत आले. कोटावर बकलाव्याचा चुरा, एका गालावर खुर्चीच्या वेताची नक्षी. बर्नर बंद झाले होते. दहा विद्यार्थी आपापल्या ओट्याशी उभे होते आणि परीक्षक उत्तरपत्रिका हातात धरून मधोमध.

"नऊ जणांना जस्त सापडलं आहे," ते शांतपणे म्हणाले. "नऊ जणांनी लिहिलंय की तो वायू सोडल्यावर पांढरा साका पडला. जेवून आल्यावर व्हरांड्यातले निर्धास्त चेहरे पाहून मला शंका आली, म्हणून मी सात नंबरची बाटली रिकामी करून तिच्यात मॅग्नेशियम सल्फेट भरलं होतं. दिसायला सारखंच असतं. त्यात हा साका पडतच नाही. न पडलेला साका नऊ जणांना दिसतो, ही माझ्या मते विज्ञानातली मोठी घटना आहे."

नऊही जणांनी वळून मामांकडे पाहिलं.

"एकीने मात्र बरोबर ओळखलंय. क्रमांक दहा."

आणि इथे प्रमुखबाईंना विभागाची अब्रू वाचवायची सुबुद्धी झाली. त्या उत्साहाने म्हणाल्या, "ती आमच्या मामांचीच मुलगी, सर!"

कौतुक करायला तोंड उघडून घात कसा करावा, हे बाईंकडून शिकावं. परीक्षकांनी मुलीकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. मागच्या ओट्यावरचा एक लांब केसांचा मुलगा, जो आजवर मामांना देव मानत होता, तो उसळून म्हणाला, "म्हणजे मामांनी आम्हाला खोटं सांगितलं आणि घरच्या पोरीला खरं!"

"अरे, गप," शेजारचा कुजबुजला, पण उशीर झाला होता. जे एकोणतीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं, ते ओट्यावर येऊन पडलं होतं.

"असं आहे तर," परीक्षकांनी दहाव्या उत्तरपत्रिकेवर पेन टेकवलं. "मग हिचे गुण मी कसे देणार?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बापाकडे पाहिलं. मामांना ती नजर सोसवली नाही. त्यांच्या मनात पटकन काय काय येऊन गेलं: मुकाट राहिलो तर नोकरी वाचेल, बाई सांभाळून घेतील, उन्हाळ्यापर्यंत लोक विसरतील. आणि पोर? पोर कधीच विसरणार नाही.

"सर, मी झोपलो होतो," मामा म्हणाले.

"काय?"

"बाटली कधी बदलली, मला ठाऊकच नाही. मी जेवून आलो तो स्टोअरमध्ये जाऊन झोपलो. जस्त मीच सांगितलं सगळ्यांना. हिलासुद्धा. सकाळी, घरी, चहा पिताना. दर वर्षी मीच सांगतो. हिने ऐकलं नाही, एवढाच हिचा गुन्हा."

हे बोलताना त्यांना जी लाज वाटली, तशी जन्मात वाटली नव्हती. प्रमुखबाई लगेच म्हणाल्या, "मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं हं, सर." त्यांनी आदल्या संध्याकाळी बाटल्या भरताना मामांना स्वतः विचारलं होतं, "पोरांना सांगाल ना?" असो. मोठ्या पदाला विस्मरण शोभून दिसतं.

"झोपला होतात हे खरं," परीक्षक म्हणाले. "मॅग्नेशियमची बाटली मी तुमच्या डोक्यावरच्या फळीवरूनच काढली. घोरत होतात." दोन-तीन पोरं फिसकन हसली. "पण नंतर मध्येच उठून पुन्हा झोपला नाहीत, हे मला कसं कळणार?"

झोपलेल्या माणसाने आपण झोपलो होतो हे कशाने सिद्ध करायचं?

"सर," मुलगी म्हणाली. ती डोळे पुसून पुढे आली होती. "मला दुसरा क्षार द्या. आत्ता. तुमच्याकडचा."

परीक्षकांनी सॅक उघडून आतून एक कागदाची पुडी काढली. "चाळीस मिनिटं. बाकीचे जा. तुमची परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा होईल. आणि मामा, तुम्ही बाहेर थांबा. दारापासून लांब."

मामा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर जाऊन बसले. ती नऊ पोरं त्यांच्या समोरून गेली. एकानेही "येतो, मामा" म्हटलं नाही. लांब केसांच्या पोराने तर पाहिलंसुद्धा नाही, आणि मामांना ते लागलं. मग व्हरांडा रिकामा झाला.

आतून आवाज येत होते. बर्नरची फुरफुर, नळाचं पाणी, काचेवर काच. हे आवाज मामांच्या इतके ओळखीचे होते की, कुठली बाटली ओट्यावर टेकली ते ते डोळे मिटून सांगू शकले असते. पण आत जी मुलगी उभी होती, तिला हे सगळं जमतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी किती पोरांच्या कानात उत्तरं सांगितली, पण "तुला येतं का रे?" असं एकालाही कधी विचारलं नव्हतं. घरच्या पोरीलाही नाही. तिला येत नसणारच, असं त्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं. आपली पोर, आपल्यासारखीच असणार. तिला दुपारच्या यादीत घालताना हेच मनात होतं. त्यांना एकदम रडू आलं. खिशातला रुमाल काढला तर त्याला पाक लागलेला होता.

मध्ये एकदा प्रमुखबाई येऊन उभ्या राहिल्या. "मामा, मला वर कळवावं लागेल. परीक्षेच्या कामातून तुमचं नाव काढावं लागेल. ग्रंथालयात जागा आहे एक, पुस्तकांवर शिक्के मारायची."

"काढा," मामा म्हणाले. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. "मॅडम, बर्नर बंद झाला. झालं का तिचं?"

दार उघडलं ते परीक्षकांनी. ते सॅक पाठीवर अडकवत मामांपाशी आले. मामा उभे राहिले.

"बरोबर आहे," परीक्षक म्हणाले. "पहिल्या क्षाराचंही आणि दुसऱ्याचंही. दुसरा मी मुद्दाम अवघड दिला होता. शेचाळीस देतोय. सकाळच्या तुकडीतसुद्धा कोणाला एवढे नाहीत." ते निघाले आणि दोन पावलांवर थांबले. "तुमच्या मुलीला चांगलं येतं हो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही, सर," मामा म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. हात ओले होते, तिने आतल्या सगळ्या नळ्या स्वतः धुऊन उपड्या घातल्या होत्या. तिने ते ऐकलं. मामांना वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलावंच हिने. पण ती आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि जिन्याकडे चालू लागली. मामा मागोमाग.

दोघं गेटमधून बाहेर पडले, निळ्या हॉटेलवरून पुढे गेले. मुलगी दोन पावलं पुढे. मामांनी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चुकलो म्हणावं, तर एवढुसा शब्द. शाबास म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? शेवटी बस थांब्यापाशी ते म्हणाले, "त्या पुडीत काय होतं गं?"

ती थांबली. हे ढोंग आहे का, हे पाहावं तसं तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"नाही. सांग ना."

"स्ट्रॉन्शियम," ती म्हणाली. "आपल्या लॅबमध्ये नाहीये तो."

"मग तू कसा ओळखलास?"

आधी ती तुटक बोलत होती. ज्योत लाल आली, म्हणाली. मग म्हणाली, पण कॅल्शियमचीही लालच येते, विटकरी; याची किरमिजी असते, आणि घाईत पाहिलं तर फसायला होतं. म्हणून तिने ज्योतीत धरायची तार पुन्हा स्वच्छ करून तीनदा पाहिलं, तरी खात्री होईना, मग दुसरी चाचणी केली. बोलता बोलता तिचे हात हलायला लागले, अदृश्य परीक्षानळी ज्योतीवर तिरकी धरल्यासारखे. एक बस आली आणि गेली. मामांनी ती जाऊ दिली. ही पोर एका दमात इतकं बोलते, हे त्यांना माहीत नव्हतं.

"कळलं का?" तिने विचारलं.

एरवी मामांनी मान डोलावली असती. लॅबमध्ये एकोणतीस वर्षं ते मान डोलावत आले होते.

"अर्धं नाही कळलं," ते म्हणाले.

तिने पिशवी बाकावर ठेवली, बापाला शेजारी बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.